पुढच्या खोलीतले पाहुणे

पाहुण्यांची गाडी अंगणात वळली की माझी भावजय साधना चहा टाकता टाकता सांगते, "ह्ये कुटुंब उद्या जेवनानंतर भांडनार." आणि ते भांडतं. चौदा वर्षांत तिचा अंदाज फार तर चार-पाचदा चुकला असेल.

मुळशीला धरणाच्या पाण्याकाठी माझ्या धाकट्या भावाच्या, जयसिंगच्या, चार खोल्या आहेत. थोडं भात, दोन म्हशी आणि या खोल्या, असा त्यांचा संसार. शुक्रवारी संध्याकाळी पुण्याच्या गाड्या येतात, रविवारी दुपारी जातात. मे महिन्यात आणि पावसाळ्यात तर मधल्या वारीही अधूनमधून कोणी ना कोणी येतं. मी आशालता, जयसिंगची थोरली बहीण. झेडपीच्या शाळेत चौतीस वर्षं मास्तरकी केली, आता कासार आंबोलीला राहते. माझं तोंड फटकळ आहे हे सगळा तालुका जाणतो. ही गोष्ट साधनाची आहे, तेव्हा मी होईल तेवढी मागे राहीन. जमेल असं वाटत नाही.

साधना ताम्हिणीची. तिच्या वडिलांचं घाटात चहा-भज्यांचं हॉटेल होतं, हॉटेल म्हणजे चार बांबू आणि वर प्लास्टिकचा कागद. आठव्या वर्षापासून ती तिथे कपबश्या धुवायची. विसाव्या वर्षी लग्न होऊन इकडे आली. पुढे तिची आई गेली, मग वडील गेले, भावाने जागा विकली आणि तो सुरतेला निघून गेला. म्हणजे माहेर म्हणून जिथे जाऊन आयतं ताट पुढे ओढावं, असं ठिकाण तिला उरलं नाही. हे मी आत्ता लिहिते आहे. इतकी वर्षं माझ्या डोक्यात ते कधी आलं नव्हतं, आणि त्याची लाज वाटते.

खोल्यांचा धंदा त्यांनी ठरवून काढला नाही. एका श्रावणात रस्त्यावर दरड आली आणि पुण्याचं एक कुटुंब अडकलं. साधनाने त्यांना पिठलं-भाकरी वाढली आणि झोपायला पुढची खोली दिली. पुढची खोली म्हणजे घरातली सगळ्यात चांगली. खिडकी उघडली की समोर पाणी, पलीकडे डोंगर. ती खोली जयसिंगने मोठ्या हौसेने पोरांसाठी बांधली होती. त्या कुटुंबाने दुसऱ्या आठवड्यात आणखी दोन कुटुंबं पाठवली. मग बाजूला एक खोली वाढली, मग मागे दोन. पुढची खोली पोरांना काही परत मिळाली नाही.

पोरं दोन. पल्लवी यंदा बारावीला होती, ओम नववीला. लोकांची सुट्टी तो यांचा हंगाम, त्यामुळे सुट्टी म्हणजे गाद्या उचलणं, उशांचे अभ्रे बदलणं आणि पाहुण्यांच्या पोरांना सायकल देणं, हेच त्यांनी पाहिलं. गर्दी झाली की त्यांची अंथरुणंसुद्धा पाहुण्यांना जायची आणि ही दोघं स्वयंपाकघरात तांदळाच्या पोत्यांशेजारी झोपायची. अशाच एका मे महिन्यात, नऊ वर्षांची पल्लवी पोत्यावर बसून म्हणाली, "आई, आपुन पावणे कधी व्हनार गं?"

साधना भाकरी थापत होती, तव्यावरची फुगली होती आणि बाहेर आठ माणसं ताटावर बसली होती. ती म्हणाली, "तुझी बारावी झाली की. लई लांब जाऊ, परदेशात."

पोरीला गप्प करायला बोललेलं वाक्य. पोरं अशी वाक्यं विसरतात, पण साधना विसरली नाही. पैसे कसे साठवले ते तिला विचारा, मला नका विचारू. यंदा फेब्रुवारीत तिने चौघांचे पासपोर्ट माझ्यासमोर ठेवले तेव्हा मला ठसका लागला. निकाल लागला की पल्लवी नर्सिंगला नाशिकला जाणार. म्हणजे आत्ता नाही तर मग कधी?

"परदेश कशाला?" जयसिंग म्हणाला. तो स्वभावाने गरीब, पण घराबाहेर पडायचं म्हटलं की त्याला म्हशी आठवतात. "समुद्र बघायचा तर ताम्हिणी उतरलं की तीन तासांत हाय."

"कोकणात गेलं तर पावण्यांचा फोन येतोय," साधना म्हणाली, "आन तुमी म्हनता, येतो की, तीन तासांत. मला आसल्या जागी जायचंय जितनं शनिवारी परत येता येत न्हाई."

जयसिंगने कोपऱ्यातली बादली उचलली. तो म्हशींकडे गेला.

मग सुरू झाली आखणी. देश ठरवायला वेळ लागला नाही, कारण पुण्याहून थेट विमान थायलंडला जातं आणि साधनाला मधे कुठे उतरून विमान बदलायची धास्ती होती. पण पुढे ओमला हवं शहर: बँकॉकची मेट्रो, आठ मजली मॉल आणि कुठलासा मत्स्यालयाचा बोगदा. पल्लवीला हवा समुद्र. दारात एवढं पाणी असून तिला त्यात कधी पाय बुडवू दिला नव्हता, धरणाचं पाणी फसवं म्हणून. समुद्र तिने सहावीच्या सहलीत एकदा पाहिला होता, तोही रांगेत उभं राहून. दोघांची रोज खडाजंगी व्हायची. जयसिंग म्हणाला, चिठ्ठ्या टाका.

साधना म्हणाली, दोन्ही करायचं. आणि तिने शंभर पानी वही काढली.

त्या वहीसारखी वही कुठल्या सहल कंपनीकडे नसेल. चौदा वर्षं लोकांच्या सुट्ट्या कशा बिघडतात ते तिने जवळून पाहिलं होतं. तेरा ते अठरा वयाच्या पोरांना सकाळी दहाच्या आत हाक मारली की घराचा दिवस नासतो. बाप "आपण एन्जॉय करायला आलोय" असं दोनदा म्हणाला की समजावं, बिनसलं. भूक लागल्यावर हॉटेल शोधायला निघू नये. पोरापोरींना एका पलंगावर कोंबू नये, मधे भिंत हवीच. आणि रोज दुपारी दोन तास कोणी कोणाशी बोलायचं नाही, हा तिचा खास नियम. मी म्हटलं, हा नियम मला लग्नानंतर लगेच कळायला हवा होता.

आधी शहर की आधी समुद्र, यावर मी माझं शहाणपण पाजळलं. म्हटलं, आधी शहर करा, दमा, मग समुद्रावर निवांत पडा. सगळे असंच करतात.

"ते पुन्याचे लोक, वन्सं," साधना म्हणाली. "त्यांना गोंगाटातनं सुटून शांततेत पडायचं आसतंय. आपल्याला शेवटी शांतता कशाला? ती घरी हायच की. आपुन आधी समुद्र करू आन मग शहर. परत येताना कान भरून यायला पायजेत."

चौतीस वर्षं पोरांना शिकवलं, पण हे मला सुचलं नसतं.

राहायची जागा तिने ओमच्या मोबाईलवर फोटो मोठे करकरून शोधली. समुद्र किती जवळ, खोली किती मोठी, हे ती बघतच नव्हती. पडद्याची खालची कड मळकी आहे का, चादर चारी बाजूंनी खोचली आहे की फोटोपुरती समोरून, मोरीच्या कोपऱ्यात काळं आहे का, हे बघायची. पंचवीसेक जागा तिने नापास केल्या. शेवटी हुआ हिन नावाच्या गावातलं सहा खोल्यांचं एक घर पास झालं. समुद्रकाठचं गाव, बँकॉकहून गाडीने तीनेक तास. एक बाईच ते चालवते. ओमने फोन लावून भाषांतराचं अ‍ॅप मधे धरलं. साधनाने पहिला प्रश्न विचारला, "चादरी तुमी सोता धुता का बाहेर देता?" तिकडे ती बाई खळखळून हसली. मग दोघी अर्धा तास टॉवेल उचलून नेणाऱ्या गिऱ्हाइकांवर बोलल्या. फोन ठेवल्यावर साधना म्हणाली, "बाई चांगली हाय. आपल्यातलीच हाय."

एप्रिलच्या एका सोमवारी मला बोलावणं आलं. वही पूर्ण झाली होती, सगळ्यांसमोर वाचायची होती, आणि मग ओम तिकिटं काढणार होता. आम्ही पडवीत बसलो. साधनाने चष्मा लावला. बोर्डाच्या परीक्षेला बसल्यासारखा तिचा चेहरा झाला होता.

"सोमवारी निघायचं," तिने वाचलं. "मंगळवार समुद्र. बुधवारी सकाळी समुद्र, दुपारी बँकॉक. गुरुवारी बँकॉक बघायचं आन रात्रीच्या विमानात बसायचं. शुक्रवारी सकाळी पुन्यात."

मग ओम म्हणाला, "आई, एवढंच? अगं, तीन दिवसांत शहर पण आणि समुद्र पण?"

"मग? बसतंय की."

"पण शुक्रवारीच का यायचं?"

"शुक्रवारी पावणे येत्यात न्हवं!" साधना म्हणाली, आणि म्हणता म्हणता थांबली.

जिथून शनिवारी परत येता येत नाही अशी जागा शोधणाऱ्या बाईने शनिवारच्या आत परत यायची तयारी केली होती. चौदा वर्षं सोमवार ते गुरुवार एवढेच वार तिचे होते. सुट्टी आखायला बसली तर पेन आपोआप त्याच चौकटीत गेलं. जित्याची खोड म्हणतात ती ही. मला हसू आलं होतं, पण पल्लवीकडे पाहिलं आणि ते आटलं.

ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. ती उठली आणि पुढच्या खोलीत जाऊन उशांचे अभ्रे काढायला लागली. आतूनच म्हणाली, "राहू दे आई. तुला नाही जमायचं. मी नंतर कधीतरी मैत्रिणींसोबत जाईन."

नऊ वर्षांच्या पोरीने विचारलेलं अठराव्या वर्षी तिने स्वतःच मिटवून टाकलं. साधना वहीकडे बघत राहिली. "मी इचार करून न्हाई लिवलं वन्सं," ती हळूच म्हणाली. "मला कळलंच न्हाई."

माझा राग अशा वेळी नको तिथे निघतो. मी म्हटलं, "कळायला काय पाहिजे? दोन शनिवार कुलूप लाव. जग बुडत नाही." मग थोडं नरम होऊन म्हटलं, "नाहीतर मी येऊन राहते. मी बघते पाहुण्यांचं."

एवढ्या परिस्थितीतही साधनाला हसू आलं. "तुमी त्यांना हाकलून द्याल वन्सं." मग गंभीर झाली. "आन पावणे घरात ठिवून मी गेले, तर माझं ध्यान हितंच ऱ्हाईल. समुद्रावर बसून मी इचारनार, भात किती टाकला."

ते खरं होतं. म्हणजे खोल्या बंद, याला दुसरा उपाय नव्हता. आणि इथंच घोडं पेंड खात होतं. साधनाने आजवर कोणाला नाही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. जागा नसली तरी ती "या, बघू" म्हणते आणि स्वतः ओट्याखाली झोपते. त्यातून मे महिन्यातला मधला शनिवार म्हणजे निरंजनचा. कोथरूडचा हा निरंजन अकरा वर्षं न चुकता त्याच शनिवारी दहा-बाराजण घेऊन येतो. माणूस चांगला आहे. पण आपल्या हक्काचं घर आहे, अशा थाटात येतो.

साधनाने फोन उचलला, ठेवला. पाणी प्यायली. पुन्हा उचलला. स्पीकर लावला, बहुतेक मी शेजारी आहे याचा धीर वाटावा म्हणून.

"निरंजनदादा, त्या शनिवारी आमी न्हाई."

"नाही म्हणजे? ताई, बरं नाहीये का? दवाखाना वगैरे?"

"न्हाई, बरं हाय. आमी पावणे जानार हाओत."

"कुठे? लग्न आहे का कोणाचं?"

"थायलंडला."

मग तो म्हणाला, "अहो पण ताई, मुलांनी सगळा प्लॅन केलाय. वर्षभर वाट बघतात ती."

माझा हात फोनकडे गेला होता. दोनच वाक्यं बोलणार होते, पण ती त्याला जन्मभर पुरली असती. साधनाने माझा हात धरला.

"माज्या बी पोरांनी केलाय," ती म्हणाली. "ती नऊ वर्षं वाट बघत्यात."

निरंजन वाईट माणूस नाही, हे मी आधीच लिहिलं आहे. तो ओशाळला. मग म्हणाला, "जा ताई, नक्की जा. आम्ही पावसाळ्यात येऊ. आणि उन्हाची क्रीम घ्या, विसरू नका." साधनाने फोन ठेवला तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता. एवढा घाम तिला पन्नास माणसांच्या स्वयंपाकाला येत नाही.

पुढच्या खोलीच्या दारात पल्लवी उभी होती, हातात अर्धा चढवलेला अभ्रा. तिने सगळं ऐकलं होतं. ती येऊन आईच्या शेजारी बसली आणि वही ओढून घेत म्हणाली, "दे इकडे. शनिवार ते पुढचा सोमवार. मी लिहिते." ओमने विचारलं, मग मत्स्यालयाचा बोगदा बसतो का? बसत होता. जयसिंग म्हणाला, म्हशीचं? मी म्हटलं, शेजारच्या गोरखला सांगितलंय, तो धार काढेल. अजून सांगितलं नव्हतं, पण जयसिंगची पळवाट तेवढ्यात बुजवणं जरुरीचं होतं.

विमान शनिवारी संध्याकाळचं होतं. मी घर राखायला शुक्रवारी दुपारीच पोचले. अंगणात एकही गाडी नव्हती. मे महिन्यातला शुक्रवार आणि चारही खोल्या रिकाम्या, हे त्या घराने बांधल्यापासून पाहिलं नसेल. साधनाला काय करावं सुचत नव्हतं. तिने बॅग तीनदा भरली, तीनदा काढली, आणि शेवटी रस्त्यावरच्या पाटीखाली "दहा दिवस बंद" असा पुठ्ठा लावताना रडवेली झाली.

दिवेलागणीला मी फर्मान काढलं. "आज तुम्ही चौघं पुढच्या खोलीत झोपायचं. पोरं दोन्ही पलंगांवर, तुम्ही दोघं खाली गादीवर. मी स्वयंपाकघरात."

"आवं वन्सं, चादरी धुतलेल्या हायेत, पुढच्या पावण्यांसाठी—"

"तेच म्हणते आहे मी. पाहुण्यांसाठीच आहेत."

पल्लवीने मला मिठी मारली. असले प्रकार मला आवडत नाहीत, पण त्या दिवशी चालले. ओम पलंगावर उडी मारून म्हणाला, "आत्या, इथून पाणी किती भारी दिसतं!" पंधरा वर्षांचा पोरगा, त्याच घरात वाढलेला. जयसिंग खिडकीच्या चौकटीवरून हात फिरवत होता. त्यानेच बसवलेली चौकट. "उद्या निघायचं खरं," तो म्हणाला, "पन मला आत्ताच पोचल्यावानी वाटतंय."

सकाळी साडेपाचला मी उठले. घर राखायला आले होते खरी, पण एक गोष्ट मनाशी धरली होती. इतकी वर्षं मी या घरात माहेरवाशीण म्हणून आले. पायरीवर चप्पल काढायच्या आत पाण्याचा तांब्या पुढे यायचा, आणि प्यायलेला कप मी कधी मोरीपर्यंत नेला नाही. निरंजनवर डाफरायला मी कोण? निदान त्याने पैसे तरी दिले होते.

चहा केला. ट्रे घेऊन पुढच्या खोलीचं दार वाजवलं. साधनाने उघडलं. आंघोळ झालेली, केस ओले, आणि आपल्या अंथरुणाच्या चादरींची घडी करून हातात धरलेली. मला वाटलंच होतं.

"ठेव ते," मी म्हटलं. मग दर शनिवारी सकाळी ती पाहुण्यांना जे विचारते तेच, होईल तेवढ्या तिच्याच सुरात विचारलं, "झोप झाली का? थंडी न्हाई ना वाजली? चहा आनलाय, गरम हाय तवर घ्या."

पांघरुणात पल्लवी खुदकन हसली. साधनाने घडी खुर्चीवर ठेवली, पलंगाच्या कडेला पोरीच्या पायाशी टेकली आणि कप घेतला. बाहेर पाण्यावर ऊन यायला लागलं होतं. तिने एक घोट घेतला, थांबली, आणि पाहुणे विचारतात तसं जरा संकोचून म्हणाली, "वन्सं, एक इचारू का? साखर थोडी कमी मिळंल का? मला कमी लागती."

मी कप परत घेतला आणि स्वयंपाकघरात आले. तेवीस वर्षं तिच्या हातचा चहा प्यायले होते, आणि ती साखर किती घेते ते मला आज कळत होतं. पातेलं घासलं आणि नवं आधण ठेवलं.